अर्ध्या तासाने मंदावणारा ड्युअल-कोअर डेस्कटॉप: दोष खरंच प्रोसेसरचा आहे का?

आधी लक्षण सांगतो. मशीन चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं सगळं ठीक. मग फोल्डर उघडायला वेळ लागायला लागतो, टाइप केलेली अक्षरं दम खात पडद्यावर उमटतात, व्हिडिओत माणूस बोलून मोकळा होतो आणि ओठ मागून हलतात. बंद करून चहा पिऊन आलं की पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं सुखाची. हे दुखणं माझ्याकडे दोन वर्षांत तीनदा आलं. पहिल्या दोन्ही वेळा मी फॉरमॅट मारला, महिना-दीड महिना मशीन नीट चाललं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

प्रोसेसर कोअर २ ड्युओ ई८४००. दोन कोअर (एकाच चिपमधले काम करणारे दोन स्वतंत्र भाग), ३ गिगाहर्ट्झ, ६ एमबी एल-२ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), जानेवारी २००८ चा माल. सोबत ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोज १०. एवढं सांगितलं की ऐकणारा लगेच निकाल देतो, "ड्युअल-कोअर आहे रे, अजून किती ताणणार?" हा निकाल दर वेळी चुकीचाच असतो असं नाही, पण तो काहीही न मोजता दिलेला असतो. शिवाय माझ्या लक्षणाशी तो जुळतच नव्हता. म्हातारा प्रोसेसर पहिल्या मिनिटापासून म्हातारा असतो. पंचवीस मिनिटांत म्हातारा होऊन चहानंतर परत तरुण होणारं काहीतरी वेगळं असणार.

तिसऱ्या वेळी फॉरमॅट न मारता मोजायला बसलो. ते कसं मोजलं, त्यात कुठे फसलो आणि शेवटी काय निघालं ते खाली आहे. तुमचा प्रोसेसर वेगळा असला तरी पद्धत तीच लागू पडेल.

५०% चा चकवा

पहिली चूक बहुतेक जण टास्क मॅनेजरमध्येच करतात. मशीन रडतंय, पण सीपीयूचा आकडा ५०% च्या आसपास. म्हणजे निम्मी ताकद शिल्लक आहे, तेव्हा दोष दुसरीकडे असणार, असं वाटतं. दोन कोअर आणि दोनच थ्रेड (एका वेळी चालू शकणारे कामाचे धागे) असलेल्या प्रोसेसरवर ५०% चा अर्थ बऱ्याचदा असा असतो की एकाच थ्रेडवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने एक अख्खा कोअर खाल्लाय आणि त्याला दुसरा वापरताच येत नाही. त्या प्रोग्रामपुरता प्रोसेसर १००% भरलेला आहे. कोअर आय३-२१०० सारख्या दोन कोअर, चार थ्रेडच्या प्रोसेसरवर हीच अवस्था २५% दिसते, आणि तिथे फसगत आणखी सोपी.

म्हणून एकत्रित आकडा सोडा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट-क्लिक करून 'चेंज ग्राफ टू' मधून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडा. आता प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा दिसेल. इथेही एक गोम आहे. विंडोज तो एकच थ्रेड कधी या कोअरवर, कधी त्या कोअरवर टाकत राहतं. त्यामुळे एक आलेख पूर्ण भरलेला आणि दुसरा रिकामा असं स्वच्छ चित्र क्वचितच मिळतं. दोन्ही आलेख निम्मे भरलेले दिसतात, एक वर गेला की दुसरा खाली येतो, दोन पोरं सी-सॉवर बसल्यासारखे.

खात्री करायची तर डिटेल्स टॅबमध्ये संशयित प्रोग्रामवर राइट-क्लिक करा, 'सेट ॲफिनिटी' मध्ये जा आणि सीपीयू ० सोडून बाकीच्या खुणा काढा. एक आलेख टपकन वर जाऊन चिकटला आणि तरीही प्रोग्रामचा वेग पूर्वीइतकाच राहिला, तर तो प्रोग्राम मुळात एकाच कोअरचा धनी आहे. त्याला चार कोअर दिले काय आणि आठ दिले काय, फरक पडणार नाही. वेग मात्र निम्म्यावर आला, तर तो दोन्ही कोअर खरोखर वापरत होता. प्रोग्राम बंद केला की ही खूण आपोआप पुसली जाते, मागे काही उरत नाही.

जाता जाता एक अंधश्रद्धा. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स' नावाचा चौकोन आहे. तिथे टिक करून २ निवडलं की मशीन पळायला लागतं, असं सांगणारे अजून भेटतात. तो चौकोन कोअर कमी करण्यासाठी आहे, चाचणीपुरता. टिक नसताना विंडोज सगळेच कोअर वापरतं. आणि तिथे चुकून १ निवडला गेला असेल, तर मात्र तुमचा ड्युअल-कोअर खरोखरच सिंगल-कोअर होऊन बसलाय. 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा, प्रोसेसरच्या ओळीत किती कोअर आणि किती लॉजिकल प्रोसेसर दिसतात ते वाचा, आणि पुढे चला.

गार असताना एकदा, तापल्यावर एकदा

बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, म्हटलं की लोक एकदा चालवतात, आकडा बघतात, इतरांच्या आकड्याशी तोलतात आणि उसासा टाकतात. माझं दुखणं पंचवीस मिनिटांनी येत होतं आणि बहुतेक चाचण्या दोन मिनिटांत संपतात. म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर ताप उतरलेला, तशी गत. मी पहिल्या दोन्ही वेळा चाचणी घेतली होती. मशीन चालू करून लगेच घेतली होती आणि आकडे झकास आले होते. त्यावरून प्रोसेसर ठणठणीत असल्याचं ठरवून मी विंडोजला दोष दिला होता.

या खेपेला सेव्हन-झिप हे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं, आणि त्याच्या टूल्स मेनूत 'बेंचमार्क' आधीच आहे. त्यात थ्रेडची संख्या आपल्याला ठरवता येते, म्हणून एकदा १ आणि एकदा २ ठेवून चालवा. कॉम्प्रेसिंगची ओळ मेमरी आणि कॅशवर बरीच अवलंबून असते. कोअरची ताकद बघायला डीकॉम्प्रेसिंगची ओळ जास्त उपयोगी. दोन थ्रेडचा आकडा एका थ्रेडच्या दुपटीजवळ गेला की दोन्ही कोअर नीट कामाला लागलेत. दुपटीपासून फार दूर राहिला तर मागे काहीतरी दुसरा कोअर खातंय. आधी ते शोधा. हायपर-थ्रेडिंगवाल्या प्रोसेसरवर दोनाचे चार थ्रेड केल्यावर दुप्पट मिळेल अशी आशा ठेवू नका, कारण कोअर दोनच आहेत आणि वरचे दोन थ्रेड त्यांच्याच रिकाम्या वेळेवर जगतात.

चाचणीत दुप्पट वेग मिळाला म्हणून रोजच्या कामातही मिळेल असं नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब इथे लागतो. कामाचा ६०% भाग दोन कोअरमध्ये वाटता येत असेल आणि ४०% एकापाठोपाठ एक असाच करावा लागत असेल, तर १०० सेकंदांचं काम दोन कोअरवर ४० अधिक ३०, म्हणजे ७० सेकंदांत होईल. कोअर दुप्पट, वेग दीडपटीलाही पोचत नाही.

मग मी रोजच्यासारखं एक काम घेतलं. फोटो आणि कागदपत्रांचा एकच फोल्डर, तीच सेटिंग, झिप करायचा, घड्याळ लावायचं, झिप पुसायची, लगेच पुन्हा. सलग पाच वेळा, मध्ये श्वास नाही. पहिल्या खेपेला ४ मिनिटं १० सेकंद. दुसऱ्या खेपेला ४ मिनिटं ३० सेकंद, म्हटलं चालायचंच. तिसऱ्या खेपेला ५ मिनिटं २० सेकंद. चौथ्या आणि पाचव्या खेपेला ६ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास, आणि त्यापुढे वाढ थांबली.

ती वाढ थांबली हेच मला सगळ्यात बोलकं वाटलं. मेमरी गळत असती किंवा व्हायरस असता, तर आकडा असा एका ठिकाणी येऊन बसला नसता. ३७० भागिले २५० केलं, १.४८ आलं. म्हणजे दीड.

दीड हा आकडा कुठून आला

ई८४०० चा क्लॉक (कामाचा ठोका) ३३३ मेगाहर्ट्झच्या बसला (मदरबोर्डच्या मूळ ठोक्याला) ९ ने गुणून येतो, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. त्याचा सगळ्यात खालचा गुणक ६. सहा गुणिले ३३३ म्हणजे २ गिगाहर्ट्झ. तीन भागिले दोन, दीड. मशीन मंदावल्यावर कोणीतरी गुणक नवावरून सहावर आणून ठेवत होतं.

इथे घाई करू नका, कारण सीपीयू-झेड (प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारा प्रोग्राम) उघडून २ गिगाहर्ट्झ दिसले म्हणून 'मला तीनचा सांगून दोनचा विकला' असं वाटून घेणारेही असतात. मशीन रिकामं असताना गुणक सहावर उतरतो ते वीज वाचवण्यासाठी. स्पीडस्टेप नावाची ती सोय आहे, दोष नाही. काम दिल्याबरोबर तो नऊवर उडी मारायला हवा. म्हणून सीपीयू-झेड आणि झिपचं काम शेजारी शेजारी ठेवून बघा. पूर्ण कामात असतानाही सहाच दिसत असेल, तर आधी पॉवर प्लॅन बघा. त्यात प्रोसेसरची कमाल मर्यादा कुणी १०० ऐवजी ६०-७० वर आणून ठेवली असेल तर प्रोसेसर बिचारा हुकमाचा ताबेदार. माझ्याकडे ती १०० च होती.

मग कोअर टेम्प हा प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला. रिकामं असताना ५८ अंश, जे जास्तच आहे. झिप चालू केल्यावर तीन मिनिटांत ८५, दहाव्या मिनिटाला ९७ आणि मग ९७-९८ मध्येच खेळत राहिलं. या प्रोसेसरची आतली कमाल मर्यादा १०० अंश. ती जवळ आली की तो स्वतःच गुणक खाली खेचतो आणि जीव वाचवतो. पंचवीस मिनिटांचं कोडं तिथे सुटलं. रोजच्या हलक्या कामात तेवढी गरमी साठायला तेवढा वेळ लागत होता.

जुने प्रोसेसर थंड राहण्यासाठी आणखी एक युक्ती करतात. गुणक तोच ठेवून मधले काही ठोके काम न करता सोडून देतात. तेव्हा मॉनिटरिंगच्या प्रोग्राममध्ये गिगाहर्ट्झ पूर्ण दिसतात आणि काम मात्र लंगडतं. म्हणून माझा भरवसा क्लॉकच्या आकड्यापेक्षा झिपच्या घड्याळावर जास्त. नव्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर' या नावाने आयडी ३७ च्या नोंदी दिसल्या, तर फर्मवेअर (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) प्रोसेसरला आवरून धरतंय असं समजा. कारण पुन्हा बहुधा गरमीच.

मशीन उघडल्यावर

कॅबिनेट उघडलं. धूळ फार नव्हती, दीड महिन्यापूर्वीच झटकली होती. आणि ते आठवल्यावर ट्यूब पेटली. दोन्ही फॉरमॅटच्या वेळी मी हीटसिंक (प्रोसेसरची गरमी ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढून धूळ साफ केली होती, दोघांमधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलली होती आणि परत बसवला होता. मशीन सुधारायचं ते त्यामुळे, श्रेय मात्र जायचं फॉरमॅटला.

मग दर वेळी परत का बिघडायचं? एलजीए ७७५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) प्रोसेसरसोबत खोक्यात येणारा हीटसिंक चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. प्रत्येक खुंटी दुहेरी असते. बाहेर चिरलेले पांढरे पाय, आत काळी दांडी. दांडी दाबली की ती मदरबोर्डच्या मागच्या बाजूला पांढरे पाय फाकवते आणि खुंटी अडकते. मी बोटाने एकेक खुंटी हलवून बघितली. तीन घट्ट. चौथी, मेमरीच्या स्लॉटजवळची, किंचित वर उठलेली. बोट लावलं की डुलत होती. हीटसिंकचा एक कोपरा प्रोसेसरपासून जेमतेम सुटलेला, नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका. बसवताना ती अर्धवट अडकायची, तापून-निवून महिनाभराने निसटायची.

तुम्ही बसवणार असाल तर मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढूनच बसवा. आत ठेवून दाबला की बोर्ड वाकतो आणि खुंटी पूर्ण जाते की नाही ते कळत नाही. आधी जुनी पेस्ट पुसा आणि मध्यभागी नवीन पेस्टचा वाटाण्यापेक्षा लहान थेंब ठेवा. चारही खुंट्यांची डोकी बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून घ्या, बाण सोडवण्याची दिशा दाखवतो. मग समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा 'टक' असा आवाज यायला हवा. शेवटी बोर्ड उलटा करून चारही भोकांमध्ये पांढरे पाय पूर्ण बाहेर आलेत आणि त्यांच्या मध्ये काळी दांडी दिसतेय, हे डोळ्यांनी बघा. मी आधी आवाजावर विसंबलो होतो. माझ्या चौथ्या खुंटीचा एक पांढरा पाय मोडकाच निघाला, त्यामुळे ती कितीही दाबली तरी टिकणार नव्हती. शेवटी मागून पट्टी लावून स्क्रूने आवळायचा हीटसिंक आणला.

नंतरची मोजणी अशी. रिकामं असताना ३९ अंश, पूर्ण कामात ६२. पाचही खेपा ४ मिनिटं ८ ते १२ सेकंदांच्या दरम्यान. विंडोज तेच, फॉरमॅट न मारलेलं.

पाचही खेपा सारख्याच, तरी मशीन संथ?

मग गरमी नाही, दुसरीकडे बघा. पहिला संशय डिस्कवर. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा 'ॲक्टिव्ह टाइम' १००% आणि सीपीयू २०% असेल, तर प्रोसेसर हात बांधून बसलाय. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० चालवणाऱ्यांचं नव्वद टक्के रडगाणं इथेच संपतं. हे माझं मत आहे, मोजणी नव्हे.

दुसरा, ठरावीक वेळी येणारा पाहुणा. दर दिवशी त्याच सुमाराला मशीन मंदावत असेल तर डिटेल्स टॅब सीपीयूच्या क्रमाने लावून ठेवा. 'ॲन्टीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किंवा अपडेटचा 'टायवर्कर' वर दिसला की समजा. आठ कोअरच्या मशीनवर असा एक पाहुणा कुणाला कळतही नाही, दोनच्या घरात मात्र तो अर्धं घर अडवतो. स्कॅनची वेळ बदला, त्याला हाकलू नका.

तिसरा, व्हिडिओ. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या दाबून लहान करायच्या पद्धतींमध्ये पाठवतं. जुन्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि दोन्ही कोअर घामाघूम होतात. ब्राउझरला एच.२६४ ही जुनी पद्धतच मागायला लावणारं 'एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेन्शन आहे. जुन्या ग्राफिक्सला निदान ते तरी झेपतं. बसवून तोच व्हिडिओ पुन्हा लावा आणि आलेख बघा, लगेच कळेल.

चौथा, 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ. ती एरवी एखाद्या टक्क्याच्या आत असते. कायम ५-१०% दिसली तर एखादा ड्रायव्हर किंवा यूएसबीला लावलेलं एखादं यंत्र त्रास देतंय. एकेक काढून बघा. नेटवर्कचा ड्रायव्हर विसरू नका.

आणि एक कारण असं की ज्यावर स्क्रूड्रायव्हर चालत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यांवरच्या दुरुस्त्यांनी जुन्या प्रोसेसरचा वेग नव्यांपेक्षा जास्त खाल्ला, विशेषतः डिस्क आणि नेटवर्कच्या कामात. २०१७ मधला तुमचा बेंचमार्क आणि आजचा यात थोडा फरक दिसला तर तो असाही असू शकतो. वेगासाठी त्या दुरुस्त्या बंद करणं मी स्वतः टाळतो.

गिगाहर्ट्झवरून तुलना करायचा मोहही टाळा. २००५ चा पेन्टियम डी ८४० ३.२ गिगाहर्ट्झचा, वीज १३० वॅटच्या घरातली. पुढच्याच वर्षीचा कोअर २ ड्युओ ई६६०० फक्त २.४ गिगाहर्ट्झचा आणि ६५ वॅटचा, तरी त्याने पहिल्याला आरामात मागे टाकलं, कारण एका ठोक्यात तो जास्त काम उरकत होता. २०१७ च्या पेन्टियम जी४५६० चेही कोअर दोनच, पण थ्रेड चार आणि क्लॉक ३.५ गिगाहर्ट्झ. त्याला ई८४०० शेजारी बसवून 'दोघेही ड्युअल-कोअर' म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता माझ्या प्रोसेसरचा खरा हिशेब. हीटसिंक नीट बसल्यावर टायपिंग, मेल, पाच-सात टॅब, गाणी, झिप, सगळं बिनतक्रार. एकाच वेळी व्हिडिओ कॉल, मोठी स्प्रेडशीट आणि मागे स्कॅन असं तिन्ही लावलं की दोन्ही आलेख छताला टेकतात, आवाज तुटतो. तेव्हा तापमान ६२ आणि गुणक ९ असतो. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही, कॉलच्या आधी स्कॅन थांबवतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणारा पॉपकाउंट हा प्रोसेसरचा आदेश कोअर २ ड्युओला येत नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीनवर लिनक्स टाकलं. त्यावरही सगळ्यात आधी तोच फोल्डर पाच वेळा झिप केला.